मुलाची नस दुखावली: दिवस मोजत वाट कशी पाहायची

मूल पडतं, कोपराजवळ हाड मोडतं, प्लास्टर होतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं की अंगठा वर होत नाही. कुठे मनगटात काच घुसलेली असते, टाके निघून महिना झालेला असतो, तरी करंगळी बधिरच. कुठे बाळ जन्मल्यापासून एक हात हलवत नाही. तिन्ही घरांत ऐकू येणारं वाक्य बहुधा एकच असतं: "नस दुखावलीये, वाट बघू."

मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. ऑपरेशनच्या नावाने पालक जितके घाबरत नाहीत तितके या "वाट बघू"ने खचतात. वाट पाहणं बऱ्याचदा बरोबर असतं, काही वेळा साफ चूक असतं. पण कशाची वाट, किती दिवस आणि तोवर काय बघत राहायचं, हे ओपीडीच्या गर्दीत सांगायचं राहून जातं. ते इथे क्रमाने लिहिते.

आधी विचारा: कुठली नस?

मराठीत नस म्हणजे काहीही असू शकतं. सलाईन लावायला शोधतात ती नस, कापल्यावर रक्त येतं ती नस, मान आखडली की "नसेवर नस चढली" ती आणखी तिसरी. म्हणून डॉक्टर घाईत "नस कापलीये" म्हणाले तर तिथल्या तिथे विचारा: रक्तवाहिनी, बोट ओढणारं टेंडन, की संवेदना आणि हालचालीचा निरोप नेणारी चेता, म्हणजे नर्व्ह? मनगटात तिन्ही एकमेकांना खेटून असतात आणि एकाच काचेने तिन्ही कापल्या जाऊ शकतात. या लेखातली नस म्हणजे फक्त नर्व्ह.

मग नाव विचारा. हातात मुख्य तीन: मीडियन, अल्नर, रेडियल. पायात सायटिक आणि तिची गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी फांदी, पेरोनियल. नाव कागदावर लिहून घ्या, पुढे प्रत्येक जण तेच विचारणार आहे.

दुखावली म्हणजे किती?

नस म्हणजे वेष्टनात बांधलेला हजारो बारीक तंतूंचा जुडगा. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये तिच्या दुखापतीचे तीन प्रकार मांडले. बारकाईसाठी नंतर पाच पायऱ्यांची मांडणी आली, पण आपल्याला तीन पुरतात.

पहिल्या प्रकारात नस दबलेली किंवा ताणलेली असते, आतले तंतू शाबूत असतात. निरोप तेवढा अडतो. ही काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप सुधारते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण ते ज्या नळ्यांतून जातात त्या टिकून असतात. तुटल्या जागेपासून खालचा भाग मरतो आणि वरून नवे तंतू त्याच नळ्यांमधून वाढत खाली येतात. तिसऱ्यात नस आरपार तुटलेली असते, किंवा मध्ये इतका व्रण झालेला असतो की नव्या तंतूंना वाटच सापडत नाही. ऑपरेशनशिवाय ही सुधारत नाही.

अडचण अशी की पहिल्या दिवशी तिन्ही सारखीच दिसतात. बोट हलत नाही, बस. म्हणून बंद फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे कातडी न फाटता हाड मोडलेलं असताना, वाट पाहणं हीसुद्धा एक तपासणीच असते. कोणता प्रकार आहे ते काळ सांगतो, आणि म्हणूनच तो काळ मोजावा लागतो.

एक मिलिमीटर

नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, महिन्याला जेमतेम एक इंच. मुलांमध्ये थोडा जास्त वेग दिसू शकतो, पण हिशोब एक मिलिमीटरनेच करा. सुरुवातीला तंतू सावरून फुटायला लागेपर्यंतचे तीन-चार आठवडे त्यात मिळवा.

टेप घेऊन मोजा. सहा वर्षांच्या मुलाचं मनगट ते करंगळीचं टोक समजा बारा सेंटिमीटर भरलं. म्हणजे १२० दिवस, वर एक महिना. पाच महिन्यांच्या आत करंगळीच्या टोकाला स्पर्श कळण्याची अपेक्षाच चुकीची. दुसऱ्याच महिन्यात "अजून काहीच नाही" म्हणून रडणारी आई मी पाहिली आहे, आणि त्याच महिन्यात नस अगदी वेळेवर चाललेली होती.

मुलं मोठ्यांपेक्षा चांगली सुधारतात त्याचं अर्धं गुपित याच टेपमध्ये आहे. अंतर कमी. चार वर्षांच्या मुलाच्या कुल्ल्यापासून पावलं उचलणाऱ्या स्नायूपर्यंत तीसेक सेंटिमीटर असतील, मोठ्या माणसाचे जवळपास दुप्पट. निरोप न मिळालेला स्नायू कायम थांबून राहत नाही. बारा ते अठरा महिन्यांनंतर तो नस स्वीकारण्याच्या पलीकडे जाऊ लागतो. मुलाची नस त्याआधी पोहोचते, मोठ्याची अनेकदा नाही. दुसरं अर्धं गुपित मेंदूत आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

पहिला दिवस: प्लास्टरबाहेरची बोटं

लहान मुलांच्या कोपराचं सर्वांत नेहमीचं फ्रॅक्चर कोपराच्या जरा वर होतं, बहुतेक वेळा पाच ते सात या वयात, पसरलेल्या हातावर पडून. हाड बरंच सरकलं असेल तर दहातल्या एखाद-दुसऱ्या मुलाची नस दुखावते. घाबरलेल्या मुलाला "बोट हलव" म्हटलं तर ते काहीच हलवत नाही. खेळ लावा. दगड, कागद, कात्री.

दगड म्हणजे मूठ: मीडियन. कागद म्हणजे मनगट आणि बोटं सरळ वर: रेडियल. इथे एक फसगत आहे. बोटांची पुढची पेरं अल्नर नसही सरळ करते, म्हणून पेरांकडे न बघता मुठीच्या गाठी आणि अंगठा उचलला जातो का ते बघा. कात्रीची पाती उघडमीट झाली तर अल्नर ठीक.

चौथा खेळ सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच राहून जातो. साडेपाच वर्षांची एक मुलगी प्लास्टर घालून आली होती. तिघांनी तपासून "नस ठीक" लिहिलेलं. मी म्हटलं, "चष्मा कर बरं, मला बघ त्यातून." तिने अंगठा आणि तर्जनी जोडून डोळ्याला लावली. आई म्हणाली, "केलाय की." मग दुसऱ्या हाताचाही करायला लावला. तो चष्मा गोल होता. प्लास्टरच्या हाताचा लांबट, टोकदार, पिंपळपानासारखा. अंगठ्याचं आणि तर्जनीचं शेवटचं पेर वाकतच नव्हतं, दोन्ही बोटं पेरांच्या सपाट पोटांवर टेकलेली होती. ही मीडियनची एक खोल फांदी, अँटिरियर इंटरऑसियस, आणि कोपराच्या या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त तीच दुखावते. तिच्याकडे कातडीच्या संवेदनेचं काम नाही. त्यामुळे "इथे कळतं का, तिथे कळतं का" विचारलं तर सगळीकडे होच उत्तर येतं आणि दुखापत निसटते.

ऑपरेशन ठरलं असेल तर हे चारही खेळ आधी करून त्याचा निकाल केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. हाड धरून ठेवणाऱ्या तारा घातल्यानंतर पुन्हा करा. आधी हलणारं बोट नंतर हलेनासं झालं, तर तारेने नस दाबली आहे का हा प्रश्न त्याच दिवशी विचारता येतो. आधीची नोंदच नसेल तर कुणालाच काही सांगता येत नाही.

बोलता न येणाऱ्याची संवेदना

तीन वर्षांच्या मुलाला "दोन्हीकडे सारखंच लागतं का?" विचारणं व्यर्थ आहे. ते तुमचा चेहरा बघून उत्तर देतं. कातडीला विचारा. नस बंद पडलेल्या जागी घाम येत नाही, बोट कोरडं राहतं. गुळगुळीत प्लास्टिकचं पेन निरोगी बोटावरून फिरवलं की जरा अडखळतं, बधिर बोटावरून सरकन निसटतं.

दुसरी युक्ती पाण्याची. कोमट पाण्यात अर्धा तास हात बुडवला की आपल्या बोटांना सुरकुत्या पडतात. नस तुटलेल्या बोटाला त्या पडत नाहीत. ओरिआन या सर्जनने १९७३ मध्ये ही चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली आणि झोपलेल्या बाळावरही ती करता येते. जखम उघडी असेल किंवा प्लास्टर असेल तर अर्थातच नाही. पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा, बधिर बोट भाजलं तरी मूल रडणार नाही.

जिथे वाट पाहायचीच नाही

धारदार वस्तूने जखम झाली आहे आणि जखमेखाली बधिर आहे किंवा बोट हलत नाही: नस कापलीच आहे असं धरून चालायचं. कातडी शिवून "बघू महिनाभराने" हे चालत नाही. जखम उघडून नस पाहायला हवी, आणि स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत मायक्रोस्कोपखाली शिवली तर निकाल सर्वांत चांगला लागतो. उशीर झाला की दोन्ही टोकं आखडतात, मग पायातल्या सुरल नसेचा तुकडा काढून मध्ये जोडावा लागतो.

दुसरी वेळ आणखी तातडीची. प्लास्टर झाल्यावर मूल शांत होत जायला हवं. ते तसं न होता अस्वस्थ होत चाललंय, समजूत निघत नाही, वेदनाशामकाचा डोस पुरेनासा झालाय, तुम्ही त्याची बोटं हळूच सरळ केलीत तर किंचाळतं, तर आत दाब वाढतोय. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. काही तासांत स्नायू आणि नसा दोन्ही जातात. बोटं गुलाबी दिसताहेत, नाडी लागतेय, यावर समाधान मानू नका, ती उशिरापर्यंत ठीक असू शकतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

नोंदवही

बंद दुखापत आहे आणि वाट पाहायचं ठरलं, की त्याच दिवशी वही घाला. पहिल्या पानावर दुखापतीची तारीख, नसेचं नाव, टेपने मोजलेलं अंतर आणि त्यावरून काढलेला अंदाजे महिना. मग दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक मिनिटाचा व्हिडिओ: तीच खुर्ची, तोच उजेड, तेच चार खेळ, आधी चांगला हात, मग दुखरा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. तीन व्हिडिओ शेजारी लावले की दिसतो.

ईएमजी आणि एनसीव्ही, म्हणजे स्नायूतले आणि नसेतले विजेचे निरोप मोजणाऱ्या तपासण्या, यांची घाई करू नका. कारण जुनं आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की तुटलेल्या नसेचा खालचा भाग मरतो, पण लगेच नाही, दिवस घेत. तोवर तो तुकडा मशीनला "मी जिवंत आहे" असंच सांगतो. म्हणून पहिल्या आठवड्यातला रिपोर्ट दिशाभूल करतो, तीन-चार आठवड्यांनंतरचा उपयोगी पडतो. ईएमजीत सुई टोचतात. रिपोर्टने निर्णय बदलणार आहे का, हे आधी विचारा. बदलणार नसेल तर मुलाला कशाला टोचायचं? अनुभवी माणसाने केलेली सोनोग्राफी नस सलग आहे की तुटली हे न दुखवता दाखवते, मुलांसाठी मला ती जास्त आवडते.

मधल्या महिन्यांत घरी

काम तीनच आहेत आणि तिन्ही कंटाळवाणी. नस परत येईल तेव्हा सांधा वाकणारा असायला हवा, म्हणून हलत नसलेला प्रत्येक सांधा तुमच्या हाताने दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण फिरवायचा. दुखेपर्यंत रेटायचं नाही. मनगट लोंबत असेल तर ते उचलून धरणारा स्प्लिंट, पाऊल लोंबत असेल तर घोटा आणि पाऊल धरणारा स्प्लिंट, एएफओ. मूल वाढतं, स्प्लिंट वाढत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो बसतो का बघा, काढल्यावर लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर बदला.

तिसरं, बधिर भागाची राखण. काही मुलं, विशेषतः दोन-तीन वर्षांच्या आतली, बधिर बोटं चावून जखमा करतात. हा हट्ट नसतो. बोट आहे पण लागत नाही, हे त्यांना कोडं वाटतं. रागावू नका, हातमोजा घाला आणि डॉक्टरांना सांगा. रोज रात्री हातपाय उजेडात धरून भाजल्याच्या, चावल्याच्या खुणा शोधा.

मालीश आणि गोळ्यांबद्दल सगळेच विचारतात. हलकं मालीश मुलाला बरं वाटतं, जोरकस मालीश ताज्या दुखापतीवर नको. व्हिटॅमिन बी-१२ कमी असेल तर द्यावंच, पण ते तुटलेली नस जोडत नाही. करंट लावण्याच्या मशीनबद्दल माझं मत कोरडं आहे: मुलांमध्ये फायद्याचा पुरावा तोकडा, आणि मशीन बघून रडणारं मूल पुढे माझ्याकडे खेळायलाही तयार होत नाही.

शाळेत शिक्षकांना एक चिठ्ठी द्या: लिहायला वेळ लागेल, गरम वस्तू हातात देऊ नये, खेळाच्या तासाला बाजूला बसवू नये.

नस येतेय हे कसं कळतं?

आधी दुखापतीच्या सगळ्यात जवळचा स्नायू जागा होतो, टोकाची बोटं शेवटी. त्यामुळे रेडियलमध्ये आधी मनगट उचलेल, अंगठा नंतर. मनगट आलं आणि अंगठा नाही म्हणून निराश होऊ नका, तोच क्रम आहे.

नसेच्या वाटेवर बोटाने हलकं टिचकी मारत खालून वर गेलं की एका जागी मुलाला पुढे झिणझिण्या जातात. वाढत्या तंतूंचं टोक तिथे पोहोचलेलं असतं. पॉल हॉफमन या जर्मनाने आणि ज्यूल्स टिनेल या फ्रेंचाने ही खूण एकाच वर्षी, १९१५ मध्ये, युद्धाच्या दोन बाजूंना बसून वेगवेगळी लिहिली. नाव टिनेलचंच राहिलं. ती जागा महिन्यामहिन्याने खाली सरकली पाहिजे. वहीत सेंटिमीटर लिहा. याच सुमारास मूल "मुंग्या चालताहेत" म्हणून हात खाजवतं. बरेच पालक तेव्हा घाबरून येतात, मी पेढे मागते.

वाट कधी संपली म्हणायचं?

बंद फ्रॅक्चरमधल्या बहुतेक नसा तीन ते सहा महिन्यांत परततात. तीन महिने झाले, ना झिणझिण्यांची जागा सरकली, ना एकही स्नायू थरथरला, तर वही घेऊन नसांची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे जा. "अजून सहा महिने बघू" हे उत्तर त्या टप्प्यावर कारणाशिवाय स्वीकारू नका. स्नायूचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू आहे, आणि ऑपरेशन झाल्यावरही नसेला तेच एक-एक मिलिमीटर चालायचं आहे.

नवजात बाळाचा हात

हिशोब तोच, तारखा वेगळ्या. प्रसूतीत खांदा अडकला की मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, ताणला जातो. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांत हे होतं. वरच्या नसा गेल्या तर हात खांद्यातून आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे, पण मूठ मिटते. हा अर्ब प्रकार, सगळ्यात जास्त दिसणारा. आधी एवढं पक्कं करून घ्या की गळपट्टीचं हाड मोडल्याने किंवा सांध्यात पू झाल्याने बाळ हात धरून नाही ना, तेही असंच दिसतं.

बहुतेक बाळं सुधारतात. ज्यांची हालचाल पहिल्या महिना-दीड महिन्यात सुरू होते ती छान सुधारतात. बघायची खूण एक: कोपर वाकवून हात तोंडाकडे नेतं का? तीन महिन्यांपर्यंत नाही, तर तज्ज्ञ सर्जनकडे जायचंच. पूर्ण हात लुळा असेल आणि त्या बाजूची पापणी खाली व बाहुली लहान असेल, तर तीन महिनेही थांबू नका, पहिल्या महिन्यातच दाखवा. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काखेत हात घालून उचलू नका. सगळ्यात जपायचा व्यायाम म्हणजे कोपर कुशीला टेकवून हात बाहेर वळवणं. तो राहिला की खांदा आत वळून आखडतो आणि वाढत्या हाडाचा आकारच बिघडतो. हात सुधारला तरी वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा खांदा दाखवत राहा.

पाय, थोडक्यात

कुल्ल्यावर दिलेलं इंजेक्शन सायटिक नसेत किंवा तिच्या लगत गेलं तर काही तासांत पाऊल लोंबतं. तान्ह्या बाळाला इंजेक्शन मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात ते याचसाठी. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला की पोलिओ नाही ना हे बघायला शौचाचे दोन नमुने मागतात. तो नियम आहे, पोलिओचं निदान नव्हे. पायाच्या प्लास्टरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर रुतत असेल तर आजच कापून घ्या, पेरोनियल नस तिथे कातडीच्या अगदी खाली असते.

नस पोहोचल्यावर

शिवलेल्या नसेत सगळे तंतू आपापल्या जुन्या जागी जात नाहीत. मधल्या बोटाला हात लावला तर मूल तर्जनी दाखवतं. इथे मेंदूला नवा नकाशा शिकावा लागतो, आणि दहा वर्षांखालची मुलं तो थक्क व्हावं इतका लवकर शिकतात. कापडी पिशवीत चावी, बटण, रबर, खडू, कापसाचा बोळा टाका. डोळे मिटून हात आत, वस्तू ओळखायची, मग डोळे उघडून तीच पुन्हा चाचपायची. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. आधी चांगल्या हाताने, मग दुसऱ्या. ओळखलेल्या वस्तू वहीत लिहा. पिशवीत आठवड्याला एक नवी वस्तू टाका, नाहीतर मूल पाठ करून जिंकतं.